‘विशाखा’ जन्मली गावात, थांबली कचेरीत

वसई, खास प्रतिनिधी : वाढवणचे बंदर, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग, मालगाड्यांसाठीचा स्वतंत्र लोहमार्ग आणि वसई-विरार, मीरा-भाईंदरची तहान भागवण्यासाठी सूर्या प्रकल्पातून टाकलेली जलवाहिनी. एका जिल्ह्याच्या वाट्याला साधारण एकाच काळात एवढी कामे आल्याची उदाहरणे राज्यात फारशी सापडणार नाहीत. शिवाय घरकुले, जलसंधारण, पाड्यांपर्यंतचे रस्ते अशी ग्रामविकासाची नेहमीची कामे वेगळीच. पालघर जिल्ह्यातील या प्रकल्पांची चर्चा होते ती भूसंपादन, मोबदला, मासेमारी आणि वनजमिनीच्या अंगाने. ती व्हायलाच हवी. परंतु या कामांवर राबणाऱ्या, किंवा ज्यांच्या पाड्याशेजारी शेकडो परगावच्या मजुरांची छावणी पडते अशा स्त्रियांच्या सुरक्षिततेचा विषय या चर्चेत क्वचितच निघतो. निघालाच तर पोलिसांचा म्हणून बाजूला सारला जातो.

वस्तुतः तो आधी विकासाचा विषय होता. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा देशातील पहिला नियम कुठल्या कार्पोरेट कंपनीतून आलेला नाही, हे आज अनेकांच्या ध्यानातही नसते. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथीन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी भटेरी गावात बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. ते त्यांना नेमून दिलेले काम होते. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. खालच्या न्यायालयाने १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिले. त्याआधीच ‘विशाखा’ व अन्य महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ चा कायदा त्यांवरच उभा राहिला. म्हणजे गावाचा विकास करायला निघालेल्या बाईवरील अत्याचारातून हा नियम आला. पण त्याचा लाभ आधी पोहोचला तो मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित कार्यालयांत. ज्या गावात त्याचा उगम झाला, तशा गावांकडे तो अद्याप नीट वळलेला नाही.

पालघरच्या मातीत हा प्रश्न नवा नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी भागाची पाहणी करून डी. सिमिंग्टन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस सरकारला अहवाल दिला, त्यात जमीनदारांकडून कुळांच्या स्त्रियांवर होणाऱ्या अत्याचारांची नोंद आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको सावकाराकडे राबत, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये १९४५च्या वारली उठावाची हकीकत येते ती याच पार्श्वभूमीवर. पुढे वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद (१९७९) व श्रमजीवी संघटना (१९८२) उभी करून वेठबिगारांच्या मुक्ततेचे काम हाती घेतले. त्यासाठी १९९९ मध्ये दोघांना लंडनच्या ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’चा पुरस्कार मिळाला. या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ठळक होते. इथली हिंसा अंधाऱ्या वाटेवरच्या अनोळखी माणसाची कमी, आणि ज्याच्या हाती पोटापाण्याच्या नाड्या आहेत त्याची अधिक होती.

आज त्या नाड्या सावकाराच्या हातून मुकादमाच्या हाती आल्या आहेत. वीटभट्टीचेच उदाहरण घ्या. वसई, वाडा, भिवंडी परिसरातील भट्ट्यांवर येणारी कातकरी-वारली कुटुंबे पावसाळा सरता सरता उचल घेतात आणि दिवाळीनंतर भट्टीवर राहायला येतात. मजूर मोजायचा तो ‘जोडी’ने. मजुरी हजार विटांमागे. आठवड्याला जेवणखाणापुरती खर्ची मिळते, बाकीचा हिशेब हंगामाच्या शेवटी, आणि तोही नवऱ्याशी. माती तुडवायला, विटा वाहायला बाई बरोबरीने असते. वहीत मात्र तिचे नावच नसते. अशा बाईला छळाची तक्रार करायची झाल्यास पहिला प्रश्न येतो, ‘तू इथे कामाला आहेस याचा पुरावा काय?’ आणि भट्टी सोडून जायचे तर उचल अंगावर. बांधकामाच्या मोठ्या प्रकल्पांत कंपनी नामांकित असते, कागद चोख असतात. पण मुख्य कंत्राटदाराखाली पोटकंत्राटदार, त्याच्याखाली टोळीचा मुकादम, अशी उतरंड तिथेही लागते. प्रत्यक्ष काम देणारा, हजेरी मांडणारा, गाडीत बसवणारा आणि पैसे हातावर ठेवणारा माणूस एकच असला, की मजूर बाईने नकार द्यायचा कोणाच्या जिवावर?

म्हणूनच प्रतिबंध म्हणजे पथनाट्ये आणि भित्तिपत्रके, ही सरकारी समजूत मुळात अपुरी आहे. (पथनाट्यांचा खर्च दाखवायला सोपा असतो, हा भाग निराळा.) महाराष्ट्राला या बाबतीत बाहेरून शिकण्याचीही फारशी गरज नाही. १९७२च्या दुष्काळात आकाराला आलेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमीच्या कामांवर राज्यातील लाखो बायका खडी फोडायला गेल्या. हजेरीपटावर बाईचे स्वतंत्र नाव, गावाजवळ काम, खासगी ठेकेदाराला मज्जाव, या तरतुदी छळ रोखण्यासाठी म्हणून केलेल्या नव्हत्या. तरीही कोणा एकाच्या मर्जीची किंमत त्यांनी कमी केली. २००५च्या केंद्रीय कायद्याने किमान एक तृतीयांश मजूर स्त्रिया असाव्यात असे सांगितले आणि पुढे मजुरी बँक वा टपाल खात्यात जाऊ लागली. अर्थात नियम कागदावर असून भागत नाही. मजुरी वेळेवर आली नाही, कामच निघाले नाही, की मोखाडा-जव्हारची कुटुंबे पुन्हा मुकादमाची उचल घेतात आणि खाली वसई-विरारच्या नाक्यांवर उतरतात. रोजगार हमीची थकलेली मजुरी आणि भट्टीवर किंवा छावणीत असुरक्षित झालेली बाई, या दोन बातम्या आपण वेगवेगळ्या पानांवर छापतो. त्यांचे मूळ अनेकदा एकच असते. २००५च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला आहे. त्याचे बरेवाईट बोलताना दिवस आणि निधी यांचेच आकडे पुढे येतात. पाड्यातल्या बाईच्या दृष्टीने काम वेळेवर मिळते का आणि पैसे तिच्या नावावर पडतात का, हे तितकेच महत्त्वाचे ठरेल.

आता तक्रारीकडे वळू. २०१३चा कायदा वाचला तर तो गावाला विसरलेला नाही, हे दिसते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी, किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असेल तेव्हा, ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ग्रामीण व आदिवासी भागात प्रत्येक तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमायचा आणि त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची, असे कलम सहा सांगते. समितीची अध्यक्ष स्त्री असते. लिहिता न येणाऱ्या बाईची तक्रार लेखी करून देण्यास मदत करणे हे समितीचेच काम आहे. कर्मचारी या शब्दाची व्याख्याही इतकी सैल ठेवली आहे की मोबदला घेणारी किंवा न घेणारी, कायम किंवा रोजंदारीवरची, थेट किंवा ठेकेदारामार्फत आलेली, अगदी स्वेच्छेने काम करणारी बाईही तिच्यात बसते. कामावर नेणारी-आणणारी मालकाची गाडीसुद्धा ‘कामाचे ठिकाण’ ठरते.

तरीही कायदा होऊन दहा वर्षे उलटल्यावर, गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाला मे २०२३ मध्ये अंमलबजावणीतील गंभीर त्रुटींवर बोट ठेवावे लागले. ३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तारखाच घालून दिल्या : जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबरपर्यंत, स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५पर्यंत, आणि तालुक्या-तालुक्यात समन्वय अधिकारी. न्यायालयाला अकरा वर्षांनंतर मुदत आखून द्यावी लागते, यातच काय ते आले.

समिती कागदावर असणे आणि तिच्यापर्यंत पोहोचता येणे, यांत पालघरसारख्या जिल्ह्यात बरेच अंतर आहे. मोखाड्याच्या बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर जव्हार, विक्रमगड मागे टाकून यावे लागते. भाडे जाते, दिवसाची मजुरी बुडते, आणि कुठे गेली होतीस याचे उत्तर घरीही द्यावे लागते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची. सबळ कारण असल्यास आणखी तीन. भट्टीचा हंगाम त्याहून मोठा असतो आणि तोवर हिशेब झालेला नसतो. हिशेबाआधी तक्रार करणे म्हणजे हंगामभराच्या कमाईवर पाणी सोडणे, आणि हिशेब होईपर्यंत थांबावे तर मुदत टळण्याची भीती. हा पेच कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नसावा.

वसई तालुक्यात तर आणखी एक गुंता आहे. पश्चिमेला २००९ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका, पूर्वेला उसगाव, पारोळ, भाताणे अशी ग्रामपंचायतींची गावे. ऑक्टोबर २०२०पासून तालुका मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात गेला. उर्वरित जिल्हा पालघरच्या पोलीस अधीक्षकांकडे राहिला. राहते एका हद्दीत, काम दुसऱ्या हद्दीत आणि ठेकेदाराचे कार्यालय मुंबई किंवा अहमदाबादेत, अशी स्थिती मजूर बाईची सहज होते. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने गुन्ह्याची माहिती हद्द न बघता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येईल, असे स्पष्टच म्हटले आहे. ते ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत किती झिरपले, हा वेगळा प्रश्न. कंपन्यांच्या बाबतीतही तेच. अंतर्गत समिती मुख्य कचेरीत नेमली की कर्तव्य संपले असा समज आहे. कायदा मात्र वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रत्येक कार्यालयासाठी समिती मागतो.

प्रकल्पाच्या आत कामाला नसलेल्या, पण प्रकल्पाच्या सावलीत राहणाऱ्या बायका-मुलींचे काय होऊ शकते, हे युगांडात दिसले. कामवेंगे ते फोर्ट पोर्टल या रस्त्याचे काम जागतिक बँकेच्या कर्जातून चालले होते. कंत्राटदाराच्या माणसांनी परिसरातील शाळकरी मुलींचे शोषण केल्याचे बाहेर आले आणि डिसेंबर २०१५ मध्ये बँकेने तो प्रकल्पच रद्द केला. त्यानंतर बँकेने कृतिगट नेमला, २०१८ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि जानेवारी २०२१पासून, जेथे असा धोका मोठा आहे तेथे जबाबदारी न पाळणाऱ्या कंत्राटदाराला दोन वर्षांसाठी अपात्र ठरवण्याची तरतूद केली. रद्द झालेल्या रस्त्याने त्या मुलींना काही मिळाले नाही, हा आक्षेप रास्तच आहे. पण कंत्राटदाराला बदनामीपेक्षा पुढचे काम हुकण्याची भीती जास्त वाटते, हे बँकेने उशिरा का होईना ओळखले. मात्र या अटी बँकेच्या कर्जापुरत्या. राज्याच्या स्वतःच्या पैशातून निघणाऱ्या निविदांत काँक्रीटच्या प्रतीसाठी दंडाची कलमे पानेच्या पाने असतात. तशीच बायकांच्या वेगळ्या आणि आतून कडी लागणाऱ्या शौचालयासाठी, छावणीतील दिव्यांसाठी, बाईच्या नावे होणाऱ्या मजुरीसाठी दंडाची कलमे घालायला कोणत्या नव्या कायद्याची गरज आहे?

साथीनीच्या जागी आज गावोगाव आशा आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, ‘माविम’च्या सहयोगिनी आणि ‘उमेद’च्या प्रेरिका आहेत. बालविवाह थांबवायला, दारू बंद करायला, कर्ज का बुडाले ते विचारायला त्यांनाच पुढे केले जाते. रात्री बाळंतिणीला घेऊन जाणारी आशा मानधनावर असली तरी वर सांगितलेल्या व्याख्येत ती बसते. तिच्यावर कामामुळे संकट आले तर दाद कोणाकडे मागायची, हे तिला प्रशिक्षणातच, अधिकाऱ्याच्या नावासह सांगायला हवे. नाही तर भटेरीत झाले तेच होईल : काम सरकारचे आणि वैर तिचे एकटीचे.

एक काम तर लगेच होण्यासारखे आहे. विकासकामाच्या जागी फलक लागतो, त्यावर कामाचे नाव, खर्च, मुदत आणि ठेकेदाराचे नाव असते. छळाबद्दल होणाऱ्या शिक्षेची माहिती आणि समितीचा आदेश ठळक ठिकाणी लावणे २०१३च्या कायद्याच्या कलम १९ नुसार मालकावर बंधनकारक आहे. न पाळल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. त्याच फलकावर तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहायचा, तो वाचता न येणाऱ्यांसाठी मजुरांना पहिल्या दिवशी मोठ्याने सांगायचा, आणि काम तपासायला येणाऱ्या अभियंत्याने खडीबरोबर फलकही तपासायचा. येत्या दिवाळीनंतर टोळ्या खाली उतरतील, तेव्हा वसईतील किती ठिकाणी असा फलक असेल, हे रस्त्याने जाता-येता कोणालाही मोजता येईल.