गर्भजलातील मूलपेशी आणि पक्षाघात : आशा व पुरावा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात भंगार झालेले लोखंड पुन्हा वितळवून त्यापासून नवे पोलाद करता येते. मानवी मेंदूस निसर्गाने ही सोय दिलेली नाही. मेंदूतील चेतापेशी एकदा मेली म्हणजे तिची जागा सहसा दुसरी पेशी घेत नाही. पक्षाघाताने, म्हणजे ज्यास लोक लकवा अथवा अर्धांगवायू म्हणतात त्या विकाराने, कर्ता माणूस एका प्रहरात परावलंबी होतो तो याच कारणाने. अशा मेंदूत नव्या पेशी घालून त्याची हानी भरून काढावी, ही कल्पना कोणासही मोहक वाटेल. ती कल्पना निराधार नाही; तथापि ती अद्यापि सिद्धही झालेली नाही. या दोन विधानांतील अंतर सामान्य नागरिकास स्पष्ट कळणे अगत्याचे आहे.

बहुसंख्य रुग्णांत पक्षाघात होतो तो मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यामुळे. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नाश पावतात, असे गणित २००६ साली मांडण्यात आले. मूलपेशींचा विचार या हानीनंतर सुरू होतो.

मूलपेशी म्हणजे अशी पेशी, की जी स्वतःसारख्या पेशी निर्माण करू शकते आणि योग्य परिस्थितीत निरनिराळ्या प्रकारच्या पेशींचे रूपही घेऊ शकते. गर्भाशयात बालकाभोवती जे गर्भजल असते, त्यात बालकाच्या शरीरातून सुटलेल्या पेशी तरंगत असतात. २००७ च्या जानेवारीत पाओलो दे कोपी, अँथनी अटाला व त्यांचे सहकारी यांनी असे प्रसिद्ध केले की, या पेशींपैकी शंभरात सुमारे एक पेशी मूलपेशीचे गुण दाखविते. तिच्यापासून मेद, अस्थी, स्नायू, यकृत, रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि चेतापेशी अशा सहा वर्गांच्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत घडविल्या. या मूलपेशी सुमारे ३६ तासांत दुप्पट होतात. भ्रूणातील मूलपेशींपासून प्राण्यांत अर्बुदे उद्भवतात. या पेशींपासून उंदरांत ती उद्भवली नाहीत. शिवाय त्यांच्यासाठी भ्रूणाचा नाश करावा लागत नाही.

त्याच वर्षी पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातील संशोधकांनी या पेशी पक्षाघात झालेल्या उंदरांच्या मेंदूत सोडल्या, तेव्हा त्यांच्या हालचालींत व स्मरणात सुधारणा दिसली. २०१२ साली अमेरिकेत सेझारियो बोर्लोंगान व त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघातानंतर काही आठवड्यांनी या पेशी शिरेवाटे टोचूनही घुशींत सुधारणा घडविली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. बाहेरून घातलेल्या पेशी मेलेल्या चेतापेशींच्या जागी जाऊन बसतात, असे नव्हे. त्या काही द्रव्ये स्रवतात; त्यांमुळे दाह कमी होतो आणि मेंदूच्या स्वतःच्या दुरुस्तीस हातभार लागतो, असे बहुतेक प्रयोगांवरून दिसते. म्हणजे त्यांचे काम नवी वीट बसविण्याचे नसून गवंड्यास साहाय्य करण्याचे आहे.

परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. या सत्याचा प्रत्यय भारतातच आला आहे. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेवाटे देऊन पक्षाघातावर उपयोग होतो काय, हे पाहण्यासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांत १२० रुग्णांची चाचणी झाली. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला : उपचार निर्धोक, पण सहा महिन्यांनंतर पेशी मिळालेल्या व न मिळालेल्या रुग्णांत फरक नाही. यास अपयश म्हणणे योग्य होणार नाही. ही चाचणी झाली नसती, तर निरुपयोगी उपचार गुणकारी म्हणून विकला गेला असता.

मूलपेशींचा उपचार सिद्ध झालाच नाही, असेही नव्हे. छत्तीसगड व शेजारचा विदर्भ या दोन्ही भागांत सिकलसेलचा रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. या विकारात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवितात आणि लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. जुळणाऱ्या दात्याच्या रक्तजनक मूलपेशी देऊन हा विकार मुळापासून बरा करता येतो. ‘मूलपेशी’ हा एकच शब्द एका ठिकाणी सिद्ध उपचार दर्शवितो आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ संभाव्यता. जाहिरातदार नेमका याच सारखेपणाचा लाभ घेतो.

म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे, की मान्य विकारांसाठी रक्तजनक मूलपेशींचे रोपण वगळता अन्य मूलपेशी-उपचार केवळ मंजूर चाचणीतच करता येतील. पक्षाघातासाठी पैसे घेऊन मूलपेशी टोचणाराकडे नागरिकाने या मंजुरीचा पुरावा मागावा. गर्भजलासंबंधी आणखी एक दक्षता हवी. सुईने गर्भजल काढण्याच्या तंत्राचा या देशात कन्याभ्रूणहत्येसाठी दुरुपयोग झाला व १९९४ साली त्याविरुद्ध केंद्रीय कायदा करावा लागला. प्रसूतीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी वाया जाणारे गर्भजल मातेच्या संमतीने संशोधनास मिळू शकते. त्यासाठी गर्भवतीस सुई टोचण्याचे कारण नाही.

मग घरातील माणूस पक्षाघाताने कोसळला असता काय करावे? तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अकस्मात दिसले, की वेळ टिपून ठेवून मेंदूचे सीटी स्कॅन होऊ शकेल अशा रुग्णालयात रुग्णास तत्काळ न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीवाटे काढण्याची सोय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत उपयोगी पडते. मालिश व झाडफूक यांत गेलेला काळ परत मिळत नाही. रक्तदाब नियमाने तपासून घेणे, मीठ कमी करणे आणि तंबाखू, बिडी व छत्तीसगडात घरोघरी दिसणारा गुडाखू यांचा त्याग करणे, हा तर सर्वांत स्वस्त उपाय होय.

गर्भजलातील मूलपेशींवरील संशोधन सार्वजनिक संस्थांनी चिकाटीने चालवावे. त्यास पैसा व काळ दोन्ही द्यावेत. मात्र कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी अशा प्रयोगाच्या किमतीत जाऊ नये. विज्ञानावर श्रद्धा ठेवणे म्हणजे त्याच्या प्रत्येक आश्वासनावर विश्वास टाकणे नव्हे. त्याच्या चाचणीची वाट पाहण्याचे धैर्य बाळगणे होय.