जलमार्ग नकाशावर, नावाडी वाऱ्यावर

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरफोजीराजे आठवतात, मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा इतिहास आठवतो. पण हा मुलूख जगतो तो कावेरीच्या पाण्यावर. कल्लणै बंधाऱ्यापाशी कावेरीला फाटे फुटतात आणि त्यांचे कालवे शेताशेतांत शिरतात. जवळच्या तिरुवैयारू गावाच्या नावातच पाच नद्या आहेत. एवढे पाणी पाहून कोणालाही वाटेल की लहान होडीत बसावे आणि गावोगाव जावे. सरकारलाही तसेच वाटले असावे. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत 111 जलमार्ग आहेत, त्यांत कावेरी-कोल्लिडमही आहे.

आमचा जलमार्गाला विरोध नाही. रेल्वेचा माल जाईल या भीतीनेही आम्ही बोलत नाही. आमचे म्हणणे एवढेच की यादीत नाव घातल्याने नदीतून होडी चालत नाही. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे 12 जूनला सुटते आणि 28 जानेवारीला बंद होते, तेही भातशेतीसाठी. पुढे उन्हाळ्यात पात्रात वाळूच वाळू. पाणी असते तेव्हाही वाटेत बंधारे आणि दरवाजे आडवे येतात. टोपलीसारखी गोल परिसल माणसाला या काठावरून त्या काठावर नेते, लांबचा पल्ला तिचा नव्हे.

तमिळनाडूतल्याच बकिंगहॅम कालव्याची गोष्ट पाहा. 1806 साली त्याचे काम सुरू झाले. 1877-78 च्या दुष्काळात उपाशी मजुरांच्या हातांनी तो वाढला. त्यावर मालाचे पडाव चालत. पुढे वादळांनी तो फोडला, गाळाने भरला, आणि चेन्नईत तर उन्नत रेल्वेचे खांबच त्याच्या पात्रात उभे राहिले. रेल्वे कामगार म्हणून हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

रूळ टाकले म्हणजे रेल्वे झाली असे नाही. गँगमन रोज रूळ तपासत चालतो म्हणून गाडी धावते. पोस्टमन दारात जातो म्हणून टपाल खाते आहे. जलमार्गालाही गाळ काढणारा, दरवाजे सांभाळणारा आणि वल्हे मारणारा माणूस कायमचा लागतो. ठेकेदाराचे चार महिन्यांचे मजूर हे काम निभावणार नाहीत.

नावाडी बांधवांची दशा आपल्याकडेही तीच. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जण बुडाले. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नोंदणी, तपासणी, खलाशांचे दाखले सारे आहे. पण तो बोटीचा कायदा आहे, नावाड्याच्या पोटाचा नव्हे. वारा सुटला असताना फेरी रद्द केली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मग तो होडी सोडणार नाही तर काय करील? सुरक्षितता हवी असेल तर आधी नावाड्याच्या चुलीची हमी द्यावी लागेल.

महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला. विखुरलेल्या हमालांना त्यामुळे मंडळ मिळाले, मजुरीचा हिशेब मिळाला, भविष्य निर्वाह निधी मिळाला. तसेच मंडळ देशभरच्या नावाड्यांसाठी हवे. धोक्याच्या दिवशी फेरी बंद ठेवल्यास भरपाई, प्रत्येक होडीत पुरेशी जीवरक्षक जाकिटे आणि देखभालीला कायम कामगार, या मागण्या आपल्या महासंघाने उचलाव्यात. आपण रुळावरचे आणि टपालाचे कामगार संघटित आहोत. पाण्यावरचा कामगार अजून एकटा आहे. त्याच्यामागे उभे राहणे आपले काम आहे.