थरथरणारी गाडी घेऊन घाट उतरू नका

गणपती जवळ आले. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथून गाड्यांच्या रांगा कोकणाकडे निघतील. कुणी ताम्हिणीने उतरेल, कुणी कुंभार्लीने, कुणी आंबा, फोंडा नाहीतर आंबोलीने. त्यात तुमचीही गाडी असेल. मागे आई असेल, मांडीवर पोर असेल, डिकी गच्च भरलेली असेल. म्हणून हातात दिवस आहेत तोवरच विचारतो: ब्रेक मारल्यावर तुमची गाडी थरथरते का?

लगेच ‘नाही’ म्हणू नका. आठवून बघा. हायवेवर पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले, तुम्ही ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग हातातल्या हातात डावं-उजवं हललं, असं झालंय? पायाखाली पेडल धडधडलं? गाडी थांबली म्हणून तुम्ही ते विसरून गेलात?

विसरू नका. पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी डिस्क फिरते आणि कॅलिपर दोन्ही बाजूंनी तिच्यावर पॅड दाबतो. या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी हवी. मिलिमीटरच्या शंभर भागांतल्या एक-दोन भागांचा फरकसुद्धा स्टेअरिंगवर जाणवतो. गॅरेजवाले ‘डिस्क बेंड झाली’ म्हणतात. पुष्कळदा ती वाकलेली नसते. कमीजास्त झिजलेली असते, किंवा तव्याला करपट धरावी तसा तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर एकाच जागी बसलेला असतो. आणि कधीकधी दुखणं याहून वाईट असतं. कॅलिपरची पिन जाम झालेली असते, ब्रेक सोडला तरी पॅड सुटत नाही, चाक घासत राहतं, तापत राहतं. ही गाडी रोज ऑफिसला सुखरूप नेईल. घाटात तिचा भरवसा धरू नका.

तुम्ही काय करायचं? सकाळी लवकर रिकामा, सरळ रस्ता गाठा. मागेपुढे कुणी नाही हे पाहा. ताशी 80 वरून 40 पर्यंत सावकाश ब्रेक लावा आणि लक्ष द्या. स्टेअरिंग हललं तर बहुधा पुढच्या डिस्क. सीट किंवा पायाखालचा पत्रा थरथरला तर मागच्या चाकांकडे बघायला सांगा. ब्रेक न लावताही गाडी हलत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर तपासा. मग गाडी उभी करा, खाली उतरा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, पण लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलंय, जळका वास येतोय? तिथून पुढे गाडी चालवू नका, टो करून न्या. (पावसात एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पेडल तडतडलं तर ते एबीएसचं काम असतं. घाबरून पाय काढू नका, दाबूनच धरा.)

जे जाणवलं ते मेकॅनिकला तस्सं सांगा. ‘गाडी व्हायब्रेट होते’ एवढंच म्हणाल तर बॅलन्सिंग करून गाडी परत मिळेल. चाक काढायला लावा. समोर उभे राहा. डिस्क मोजायला सांगा. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून घेऊ नका, नवी घाला, आणि एका बाजूची नको, दोन्ही बाजूंच्या घाला. पॅड 3 मिलिमीटरवर आले असतील तर बदला. कॅलिपरच्या पिना, हबवरचा गंज, लोअर आर्मचे बुश, टाय रॉड एंड, सगळं बघून घ्या. चाक परत बसवताना नट टॉर्क पान्याने सारखे आवळायला सांगा. गनने वाटेल तसे आवळले की डिस्क तिरकी बसते आणि थोड्याच दिवसांत थरथर परत येते.

एवढा आग्रह का, तेही ऐका. 1500 किलोची भरलेली गाडी 600 मीटरचा घाट उतरते. उतरताना सुटणारी सगळी ऊर्जा ब्रेकवर टाकली तर तेवढ्या उष्णतेत 25 लिटर थंड पाण्याला उकळी येईल. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 4 ऑइल निदान 230 अंश सोसतं, ओलावा मुरला की तेच 155 पर्यंत उतरू शकतं. ते उकळलं की वाफ धरते, आणि वाफ धरली की पेडल सरळ तळाला जातं. समोर वळण असतं. मागे पोरं असतात.

ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर आता बदला. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका, इंजिन तर मुळीच बंद करू नका. पाय ब्रेकवर ठेवून देऊ नका; दाबा, वेग उतरवा, सोडा. वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि ब्रेक आपोआप निवू द्या. डिस्कवर पाणी ओतू नका.

तुम्ही गाडी चालवत नसाल, तरी हे तुमचं काम आहे. शेजारच्या सीटवरून थरथर तुम्हालाही कळते. बोला. नवऱ्याला सांगा, भावाला सांगा, बाबांना सांगा. गाडी भाड्याची असेल तर ड्रायव्हरदादांना बाजूला घेऊन विचारा, आणि गाडीत खोट असेल तर मालकाला फोन तुम्ही करा. त्यांची नोकरी आहे, त्यांना ते जड जातं.

सणाच्या आधी गॅरेजमध्ये गर्दी होते, पार्ट मिळायला वेळ लागतो. म्हणून उद्यावर टाकू नका. आजच फोन करा, वेळ घ्या, सामान भरायच्या आधी चाकं उघडून घ्या. आणि डिस्क वेळेत आलीच नाही, तर गाडी दारातच राहू द्या. एसटीच्या जादा गाड्या सुटतात, त्यांचं तिकीट काढा.