आधी जागा, मग कारवाई

जुलै २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्यातून उतरलेल्या पुराने नदीनाल्यांकाठची घरे उद्ध्वस्त केली. पात्रातील अतिक्रमणे हटवावीत, ही मागणी योग्यच आहे. त्यात नदीचे तसेच माणसाचेही हित आहे. परंतु भूमिहीन कुटुंब पुराच्या तोंडाशी हौसेने राहत नाही. गावात त्याला जागा नसते आणि जागेवाचून मंजूर घरकुलही उभे राहत नाही. पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. अतिक्रमण हटविण्यास मात्र मनाई केली नाही. कर्तव्याची दिशा त्यातून स्पष्ट होते.

राज्यात पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. तिचे अर्थसाहाय्य ५० हजारांवरून एक लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. तथापि पैसा हाती आला, तरी गावात जागा विकणारा कोणी पुढे यावा लागतो. दुर्बळ बांधवाला शेजारी म्हणून स्वीकारण्याची समाजाची सिद्धता इथेच कसोटीला लागते. ग्रामसभांनी पावसाळ्यापूर्वी पूरप्रवण घरांची यादी करून प्रथम गावठाणालगत जागा द्यावी, मगच पात्र मोकळे करावे. अन्यथा आज हटविलेली झोपडी उद्या दुसऱ्या नाल्याकाठी उभी राहील.