झऱ्याचे पाणी आणि डॉक्टरांची चिठ्ठी

बैकल सरोवराच्या नैऋत्येला, सायन पर्वताच्या कुशीत रशियाचा तुंका जिल्हा आहे. बुर्यातिया प्रजासत्ताकातला हा ग्रामीण भाग थेट मंगोलियाच्या सीमेला भिडतो. १९९१ पासून हा सारा जिल्हाच राष्ट्रीय उद्यान आहे. इथे दूरदूरची माणसे येतात ती खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी. अर्शान हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध गाव. बुर्यात भाषेत 'अर्शान' म्हणजे औषधी झरा आणि या शब्दाचे मूळ आपल्या ओळखीचे आहे: संस्कृतातले 'रसायन'. बौद्ध धर्माबरोबर तो शब्द तिथवर पोहोचला.

अर्शानच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. नीलोवा पुस्तीन येथील पाणी गरम असून त्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो. या पाण्याने गुण येतो का? काही बाबतींत येतो. कोमट पाण्यात शरीराचा भार हलका होतो, आखडलेले स्नायू सैल पडतात, सांध्यांचे दुखणे कमी होते. कार्बन डायऑक्साइडमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यात भर पडते ती विश्रांती, चालणे, वेळेवर जेवण आणि डोंगरातल्या स्वच्छ हवेची. या साऱ्यातला पाण्याचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

अडचण सुरू होते ती 'झऱ्याने सगळेच बरे होते' या समजुतीपासून. अर्शानमध्ये डोळ्यांचा म्हणून एक झरा आहे. लोक त्या पाण्याने डोळे धुतात, जवळच्या झाडांना रंगीत फिती बांधतात. फिती बांधण्याने कुणाचे काही बिघडत नाही. पण काचबिंदूचा रुग्ण थेंब टाकायचे सोडून झऱ्यावर विसंबला, तर गेलेली नजर कोणत्याही पाण्याने परत येत नाही. मोतीबिंदूही धुऊन जात नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते. उघड्या झऱ्याचे पाणी डोळ्यांत घातल्याने जंतुसंसर्गाचा धोका असतो, तो निराळाच. रेडॉनचेही तसेच. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते एक मोठे कारण आहे. म्हणून रेडॉनची स्नाने मिनिटे मोजून आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात.

इथे रशियाच्या जुन्या व्यवस्थेतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९१९ मध्ये सोव्हिएत सरकारने उपचारस्थळे राष्ट्राच्या मालकीची केली. पुढे कामगारांना आरोग्यधामात राहण्याचे परवाने मिळू लागले. मुक्काम साधारण २४ दिवसांचा असे. या व्यवस्थेत रुग्ण जाताना आपल्या डॉक्टरने भरलेले कार्ड सोबत नेतो. त्यात निदान, तपासण्या आणि काय टाळायचे याची नोंद असते. पाणी किती प्यायचे, स्नान किती वेळ, किती तापमानाला, हे आरोग्यधामातला डॉक्टर ठरवतो. म्हणजे पाण्याकडे औषध म्हणूनच पाहिले जाते. औषध म्हटले की मात्रा आली, पथ्य आले आणि ते कोणी घेऊ नये हेही आले.

वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे इथल्या गरम पाण्याच्या कुंडांवरही माणसे हीच आशा घेऊन जातात. त्यांना हसण्याचे कारण नाही आणि अडवण्याचेही नाही. मात्र हृदयविकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल तर पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नाही आणि भाजते. कुंडात फार वेळ बसू नये, दारू पिऊन तर उतरूच नये. चक्कर आल्यास लगेच बाहेर यावे.

आणि घरातून निघताना टॉवेलाबरोबर रोजच्या गोळ्याही पिशवीत टाकाव्यात. झऱ्यावर चार दिवस बरे वाटले म्हणून त्या बंद करू नयेत. झरा औषधाच्या जोडीला चालेल, औषधाच्या जागी नाही.