घर 'पडून' आहे म्हणजे काय?

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मला एक नवीच माहिती दिली. ज्या फ्लॅटमध्ये मी इतकी वर्षे राहते आहे, तो म्हणे नुसता 'पडून' आहे! कर्ज कधीच फिटले, कागद कपाटात, आणि त्यावर एक पैसा 'उचललेला' नाही. त्याचा बेत असा : माझ्या घरावर मालमत्ता तारण कर्ज काढायचे, त्यातून वाकडच्या फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरायची, उरलेल्या रकमेचे गृहकर्ज घ्यायचे आणि फ्लॅट भाड्याने द्यायचा. चार-पाच वर्षांत भाव वाढला की त्याच फ्लॅटवर टॉप-अप घेऊन पुढचा.

मी नाही म्हटले. त्यावरून नात्यात थोडी कुजबुज झाली आहे. त्यातले बरेच जण हे वाचतात, म्हणून माझे म्हणणे एकदा सविस्तर मांडते. (भाच्याला विचारूनच लिहिते आहे.)

मी शिकवला मराठी विषय, पण बेरीज-वजाबाकीला त्याची आडकाठी नाही. फ्लॅट ७५ लाखांचा. गृहकर्ज ६० लाख, दर साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. हप्ता येतो सुमारे ५२,०७० रुपये. वरचे १५ लाख, मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी सव्वापाच लाख आणि नोंदणीचे ३० हजार, हे बँक देत नाही. त्यासाठी माझ्या घरावर २० लाख. तारण कर्ज हे गृहकर्जापेक्षा साधारणपणे महागच असते. १० टक्के दर आणि पंधरा वर्षे धरली तर त्याचा हप्ता सुमारे २१,४९० रुपये. दोन्ही मिळून ७३,५६० रुपये.

आता भाडे २५ हजार. वर्षातला एक महिना भाडेकरू बदलण्यात रिकामा जातो, म्हणजे अकरा महिन्यांचे पावणेतीन लाख. त्यातून सोसायटीचे ३६ हजार, घरपट्टी आणि रंग-नळ-गिझर यांचे २४ हजार वजा करा. राहिले २ लाख १५ हजार, म्हणजे महिना १८ हजारांच्या आत. हप्ता ७३ हजारांचा आणि भाडे १८ हजारांचे! 'भाड्यातून हप्ता' हे वाक्य इथेच संपले.

भाचा म्हणाला, "मावशी, हप्त्यातले मुद्दल म्हणजे आपली बचतच की." अगदी बरोबर. म्हणून मुद्दल बाजूला ठेवू. पहिल्या वर्षाचे नुसते व्याज दोन्ही कर्जांचे मिळून सुमारे सात लाख होते. त्यातून भाडे वजा केले तरी पावणेपाच लाखांच्या वर घाटा राहतो. म्हणजे पहिल्या वर्षी फ्लॅटचा भाव साडेसहा टक्के वाढला, तर आपण फक्त बरोबरीत. मुद्रांक शुल्क त्याच्याही पलीकडे.

आयकरात सूट मिळते म्हणावे, तर तिथेही पूर्वीसारखे राहिलेले नाही. २०१७-१८ पासून घराचा तोटा पगारातून वजा करायला वर्षाला २ लाखांची मर्यादा आली. आणि २०२३-२४ पासून जी नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात असा तोटा पगारातून वजाच होत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की कर्जाचा भाड्याचा फ्लॅट हे उत्पन्न नव्हे, ती भावावर लावलेली पैज आहे. पैज लावणे म्हणजे पाप असे मी म्हणत नाही. आपल्या ओळखीत किती तरी जणांची ती फळलीही आहे. पण पुण्यात २०१४ नंतरची काही वर्षे भाव जवळजवळ जागच्या जागी होते, हेही आपणच पाहिले आहे. पैज असेल तर तिला पैज म्हणावे आणि हरलो तरी झेपेल एवढीच लावावी.

भाव तर भाव, व्याजाचाही भरवसा नाही. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. ज्याने २०२२ च्या सुरुवातीला साडेसहा टक्क्यांनी ६० लाख घेतले, त्याचा हप्ता होता ४४,७३४ रुपये. दर नऊवर गेल्यावर महिन्याचे व्याजच ४४ हजारांवर गेले. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलातून सुटणार जेमतेम पाच-सहाशे रुपये. असे कर्ज नातवंडांच्या लग्नापर्यंत फिटायचे नाही. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, आणि मुदत इतकी ताणू नका की व्याजही भागू नये. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले, हे खरे. पण वीस वर्षांत असे चढउतार किती वेळा होतील, कोण जाणे.

आणि भाडेकरू? २०२० मध्ये 'घरून काम' सुरू झाले आणि हिंजवडी-वाकडची मुले सामान बांधून गावी गेली. फ्लॅट रिकामे, हप्ते चालू. मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत होती, पण त्या काळातले व्याज काही थांबले नव्हते.

भाचा अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहतो. घर घ्या, दुरुस्त करा, भाड्याने द्या, वाढलेल्या किमतीवर नवे कर्ज काढून पुढचे घर घ्या, असा त्यांचा मंत्र. पण तिकडे तीस वर्षे एकाच दराचे कर्ज सर्रास मिळते, इकडे तसे नाही. आणि तिकडेही २००८ च्या सुमारास भाव कोसळले, तेव्हा घरावर पैसे उचलत गेलेल्या असंख्य लोकांचे कर्ज घराच्या किमतीहून मोठे झाले होते.

मग कर्ज बदलूच नये का? जरूर बदलावे, पण ओझे हलके करायला. आपल्या बँकेचा दर इतरांपेक्षा जास्त असेल तर आधी तिथेच अर्ज करावा, नाही जमले तर कर्ज दुसरीकडे न्यावे. फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडले म्हणून बँक दंड घेऊ शकत नाही, २०१२ पासून तो बंद आहे. ६० लाखांवर नऊऐवजी साडेआठ म्हणजे महिना १,९०० रुपयांची बचत. मात्र प्रक्रिया शुल्क, वकील आणि तारणाचे मुद्रांक शुल्क आधी त्यातून वजा करावे. आणि सहा वर्षे फेडलेले कर्ज नव्या बँकेत पुन्हा वीस वर्षांचे करू नये. हप्ता लहान दिसतो आणि व्याज वाढते. दर उतरला की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, हे उत्तम. नव्या घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी जुन्या घरावर कर्ज काढणे हे मात्र एका भिंतीच्या विटा काढून दुसरी बांधण्यासारखे आहे.

राहता राहिले माझे घर. आमच्या लहानपणी 'गहाण' म्हणत. त्या शब्दात एक धास्ती होती. आता 'तारण' म्हणतात, तेवढ्याने धास्ती जाते, धोका जात नाही. नव्वद दिवस हप्ते थकले की कर्ज बुडीत धरले जाते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याने साठ दिवसांची नोटीस देऊन बँक कोर्टात न जाताही घराचा ताबा घ्यायची कारवाई सुरू करू शकते. सत्तरीनंतर मी कुठे जाणार?

शिवाय हे घर पडून नाही. त्यामुळे मला भाडे भरावे लागत नाही आणि कुणाच्या दारी जावे लागत नाही. मोठे आजारपण आलेच, तर साठीच्या पुढच्यांसाठी २००७ पासून रिव्हर्स मॉर्गेजची सोय आहे, तेव्हा हेच घर मला पैसे देईल. पण ते मोकळे असेल तर.

तरुणांनी भाड्यासाठी घर घ्यावे, अवश्य घ्यावे. तीन गोष्टी मात्र आधी पाहाव्यात. सुरुवातीची रक्कम स्वतःच्या शिलकीतली असावी. सहा महिने भाडे आले नाही तरी पगारातून हप्ता निघावा. आणि त्या कर्जाला दुसऱ्या कुणाचे राहते घर बांधलेले नसावे. तिसरी अट मोडणार असेल, तर घर कितीही स्वस्त मिळो, ते आपल्याला परवडणारे नाही, असे समजावे.

पटले तर घ्या, नाही पटले तर हिशेबातली चूक जरूर दाखवा. आकडे वर दिलेलेच आहेत.