तुझं गाव कुठे आलं?

दिवाळीत पाहुणे आले की घरातल्या मुलाला एक प्रश्न हमखास विचारतात, "काय रे, तुझं गाव कुठलं?" मुलगा ऐटीत गावाचे नाव सांगतो. "ते कुठे आलं?" असा दुसरा प्रश्न येताच मात्र वर्गात पहिला येणारा विद्यार्थीसुद्धा आईच्या तोंडाकडे पाहू लागतो. भूगोलाच्या पुस्तकातला 'स्थान' हा धडा त्याला तोंडपाठ असतो, बरे का! त्या धड्याचा आपल्या गावाशी काही संबंध आहे, एवढेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

तेव्हा या वेळी या पानावर स्थानाचीच गोष्ट. उदाहरणाला माझे आजोळ घेतो, वरणगाव.

आमचे नातू सहावीत आहेत. त्यांचे मत असे की, मोबाईलवरून ठिकाण पाठवले की काम झाले; धडा हवा कशाला? मी त्यांच्यापुढे मामांची जुनी पत्रे ठेवली. पत्ता होता : मु. पो. वरणगाव, ता. भुसावळ, जि. पूर्व खानदेश. "आजोबा, हा जिल्हा तर नकाशात नाहीच!" नातवाने तक्रार केली. तक्रार रास्त होती. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. वरणगावावरून जाणारा हमरस्ता पूर्वी सहा नंबरचा होता, तो आता त्रेपन्न नंबरचा आहे. पुढचे एदलाबाद मुक्ताईनगर झाले. पत्त्यातले शेजारीपाजारी असे बदलत गेले. गाव मात्र तसूभरही हलले नाही.

मग न बदलणारा पत्ता कोणता? नाटकाचे तिकीट आठवा. रांग अमुक, खुर्ची तमुक. शेजारी कोण बसले आहे हे माहीत नसले तरी आपली जागा चुकत नाही. पृथ्वीच्या तिकिटावर रांग म्हणजे अक्षांश आणि खुर्ची म्हणजे रेखांश. वरणगावची रांग सुमारे २१ अंश उत्तर आणि खुर्ची ७६ अंश पूर्वेच्या किंचित अलीकडे. याला पुस्तकात निरपेक्ष स्थान म्हणतात.

हे आकडे कोरडे वाटतात, पण त्यांच्या पोटात पुष्कळ काही असते. अक्षांशाच्या एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे विषुववृत्त वरणगावपासून सुमारे २३०० किलोमीटर दक्षिणेला. गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली काठीच्या पायाशीच लपते. आणि आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली. एका अंशाला चार मिनिटे, असा हिशेब केला की वरणगावची खरी दुपार सरासरीने घड्याळाच्या बारानंतर २६ मिनिटांनी होते, हे मुलाला स्वतः काढता येते.

पण नुसत्या आकड्यांवर कुणी गावाला पोहोचले आहे काय? मुंबईहून येणाऱ्या गाडीचा मार्ग भुसावळला फुटतो. एक फाटा खांडवा-इटारसीकडे, दुसरा नागपूरकडे. वरणगाव आहे नागपूरच्या फाट्यावर, भुसावळच्या पूर्वेला सुमारे १५ किलोमीटरवर. इटारसीच्या गाडीत बसून राहाल तर आजोळ हुकले! उत्तरेला तापी, तिच्यापलीकडे सातपुडा. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. पूर्वेला चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. अशा शेजाऱ्यांच्या खुणेने सांगितलेले स्थान ते सापेक्ष स्थान. पहिले अचूक, दुसरे उपयोगाचे. आणि दोन्ही यावी लागतात.

का यावी लागतात, ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या मामेभावाच्या मळ्यात रात्री सालदाराला साप चावला. १०८ नंबरला फोन लागला. "कुठे यायचं?" मामेभाऊ घाबरून एकच सांगत राहिला, "मोठ्या निंबाजवळचा मळा!" तो निंब आदल्याच पावसाळ्यात पडलेला, आणि असता तरी परगावच्या ड्रायव्हरला तो काय ठाऊक! मोबाईलवरून ठिकाण पाठवावे तर बोलणे ऐकू येत होते, पण इंटरनेट नव्हते. तेव्हा आठवीतल्या लेकीने बापाच्या हातून फोन घेतला. "वरणगावच्या एस. टी. स्टँडपासून उत्तरेला, नदीकडच्या रस्त्यानं दोन किलोमीटर. उजव्या हाताला पाण्याची टाकी. टाकीपासून तिसरा मळा. मी टाकीपाशी बॅटरी घेऊन उभी राहते." गाडी न चुकता आली. सालदार वाचला, आजही त्याच मळ्यात काम करतो.

त्या पोरीने काय केले, पाहा. कुठून निघायचे, कोणत्या दिशेला, किती अंतर आणि खूण कोणती, एवढ्या चारच गोष्टी तिने सांगितल्या. खूणही अशी निवडली, की जी रात्रीतून हलणार नाही आणि परक्यालाही दिसेल. सापेक्ष स्थानाचा धडा यापेक्षा वेगळा नाही.

सुट्टीत एक खेळ करून पाहा. मुलाला कागद द्या आणि कधीही न आलेल्या पाहुण्यासाठी स्टेशनपासून घरापर्यंतची वाट चार ओळींत लिहायला सांगा. 'शर्मांच्या दुकानासमोर' असे लिहिले तर विचारा, "दुकान उद्या उठलं तर?" मग मोबाईलवर घराचे अक्षांश-रेखांश पाहून त्याखाली लिहा. दशांश चिन्हापुढचे चार आकडे घ्यावे. चौथ्या आकड्याने अक्षांशात सुमारे ११ मीटरपर्यंतची जागा ठरते, म्हणजे बहुधा आपलेच दार. तो कागद टेलिफोनपाशी भिंतीवर लावा. घरी म्हातारी माणसे एकटी राहत असतील तर अक्षर जरा मोठे काढा.